पोटात गिअर असलेली काळी

सन दोन हजार अठराच्या भाद्रपदात, पाऊस ओसरत असताना, दोन सायकली भंडारदऱ्याचा डोंगर चढत होत्या. तांबडीचे गिअर मागच्या चाकाशी लोंबत होते. नव्या काळीचे गिअर सांगाड्याच्या पोटात बंद होते.

"काय गं, पोट सुटलंय? कितवा महिना?" तांबडीने विचारले.

"पोटातलं पोटातच बरं. मी चव्हाट्यावर टांगत नाही," काळी म्हणाली.

उभ्या चढावर मात्र काळीचा गिअर बदलेना. पायाचा दाब सुटल्याशिवाय तो हलत नसे, आणि तिचा स्वार तर जीव खाऊन पेडल दाबत होता. "गावात गेलो की हिला विकतोच," तो ओरडला. पुढे चाललेल्या तांबडीने ऐकले आणि मुद्दाम वेग कमी केला. धडक टाळायला मागच्या स्वाराचा पाय आपोआप सैल पडला. गिअर बदलला.

"तुझं देणं लागते," काळी म्हणाली.

"आधी चढ, मग बोल."

उतारावर दगड लागून तांबडीचे लोंबते गिअर तुटले, साखळी गळून पडली. "टाकू हिला इथंच," तिचा स्वार म्हणाला. काळी जागची हलेना. दोघांनी खूप ढकलले. शेवटी तांबडीला दोरीने मागे बांधले, तेव्हा काळी निघाली. उतारानंतरचा सगळा चढ ओढून तिने तांबडीला गावात दुरुस्तीच्या दुकानात पोचवले. देणे फिटले.