मल्हारी सणगराचे हात

मांजरा नदीच्या काठी भोसखेड नावाचे लहानसे गाव आहे. श्री शेषबुवा महाराज तेथे आले ते एका चातुर्मासापुरते, आणि राहिले ते कायमचेच! नदीकडच्या महादेवाच्या ओवरीत त्यांचा मुक्काम असे. महाराज फार बोलत नसत. कोणी दुःख घेऊन आला की त्याच्याजवळ नुसते बसत. तेवढ्याने माणूस निवत असे, असा भक्तांचा अनुभव होता.

त्या गावात मल्हारी नावाचा एक सणगर होता. घोंगडी विणणे हा त्याचा पिढीजात धंदा. महाराजांवर त्याची अपार श्रद्धा, आणि महाराजांच्या खांद्यावरचे काळे घोंगडे त्याच्याच हातचे. अशा गुणी माणसाला महारोगाने गाठले! आधी बोटांतली जाणीव गेली, मग बोटेच झडू लागली. गावाने त्याला ओढ्यापलीकडे एक खोपट घालून दिले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. त्याची बायको सगुणा हिला न्यायला माहेरची माणसे आली होती. ती गेली नाही. नवऱ्यामागोमाग ओढा उतरून ती त्या खोपटात राहायला गेली.

पुढे मल्हारीचे डोळेही गेले. सगुणा त्याचा हात हातात घेऊन बसे, पण त्याला ते कळत नसे.

"सगुणे, हायेस का गं?" तो पुन्हा पुन्हा विचारी.

"हाय की. तुमचा हात धरूनच बसलीया."

ती सांगते म्हणून खरे मानायचे, एवढेच त्याच्या हाती उरले होते. सज्जनहो, जित्या माणसाला याहून मोठा एकांतवास कोणता?

महादेवाच्या मंडपात तिसऱ्या प्रहरी नीळकंठशास्त्री पुराण सांगत. मोठे विद्वान गृहस्थ, वाणी रसाळ, पण विद्येचा ताठाही तेवढाच. एके दिवशी महाराज शेजारच्या गावी गेले असताना सगुणेने मल्हारीला आवाराच्या भिंतीबाहेर आणून बसवले. देवाचे चार शब्द कानी पडतील, एवढीच तिची आशा. शास्त्रीबुवा देह आणि आत्मा यांचा भेद समजावून सांगत होते. ऐकता ऐकता मल्हारीला रडू फुटले.

शास्त्रीबुवा थांबले आणि हसून म्हणाले, "कोण, मल्हारी काय? अरे, रोग देहाला झाला, तुला नाही. देह म्हणजे भाड्याचे घर. घराची भिंत पडली म्हणून भाडेकरू ऊर बडवतो, असा मूर्ख मी पाहिला नव्हता!"

मंडपात हशा पिकला. मल्हारीचे रडणे थांबले. तो भिंतीपलीकडून म्हणाला, "आसं आसंल शास्त्रीबुवा, तर ह्या घरात ऱ्हावंच कशापायी?"

शास्त्रीबुवांनी पोथीचे पान उलटले. पुराण पुढे सुरू झाले.

त्या दिवसापासून मल्हारीने अन्न सोडले. सगुणा तोंडाशी घास नेई, तो मान फिरवी. "हे माजं तोंड न्हवं," तो म्हणे. "ज्याचं आसंल त्याला भरव." शेवटी त्याने पाणीही नाकारले, तेव्हा ती धावत देवळात आली. महाराज ओवरीत बसले होते, आणि शास्त्रीबुवा दर्शन घेऊन पायऱ्या उतरत होते. सगुणा त्यांच्यासमोरच जमिनीवर कोसळली.

"शास्त्रीबुवा, तुमच्या बोलान् त्यांनी जीव सोडायचं मनावर घेतलंय. येकदा येऊन सांगा, का मी म्हनलो ते खोटं हाय!"

"खोटे कसे सांगू?" शास्त्रीबुवा म्हणाले. "सत्य कोणाच्या रडण्याने बदलत नाही, बाई. तुमच्या महाराजांना विचार. त्यांच्याजवळ वेगळे शास्त्र असेल तर आम्हीही ऐकू!"

महाराज उठले आणि ओढ्याच्या वाटेला लागले. हे बुवा आता काय उपदेश करतात ते पाहावे, म्हणून शास्त्रीबुवाही मागून गेले, आणि खोपटाच्या दाराशी नाकाला उपरणे लावून उभे राहिले.

आत मल्हारी भिंतीकडे तोंड करून पडला होता. महाराज त्याच्याजवळ बसले आणि त्याचे दोन्ही थोटे हात त्यांनी आपल्या हातांत घेतले.

"मल्हारी, मी आलो आहे."

"कवा आलासा महाराज?" त्याचा आवाज फार खोल गेला होता. "मला सोडवा. ह्यो देह मी न्हाई म्हंत्यात. मग मी कुटं हाय? मला कायबी लागत न्हाई, दिसत न्हाई. सगुणा हाय का न्हाई तेबी ठावं न्हाई. मी मेलोय, आन् कुनी सांगत न्हाई मला."

महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते म्हणाले, "बाळा, मला याचे उत्तर येत नाही."

दारात शास्त्रीबुवांनी हलकेच खाकरून हसू दाबले. महाराजांचे तिकडे लक्षही नव्हते. ते हात धरून तसेच बसून राहिले. सगुणेने पुन्हा चुलीवर कण्यांची पेज चढवली, खाणार कोणी नाही हे ठाऊक असूनही. ऊन कलले.

आणि एकाएकी मल्हारी ओरडला, "आई गं! दुखतंय! महाराज, हात जळत्यात माजं!"

सगुणा धावली. तो थरथरत होता. वर्षानुवर्षांच्या जखमा एकदम ठणकू लागल्या होत्या! वेदनेने त्याचा चेहरा पिळवटला, आणि तरीही तो हात पुढे करून तिला शोधू लागला. तिने त्याचा हात धरला. त्याने तिच्या तळव्यावरून आपला थोटा हात हळूहळू फिरवला.

"सगुणे," तो म्हणाला, "किती खरबरीत झाला गं तुजा हात!" आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

पेज उतू जाऊ लागली होती. महाराजांनी पुढे होऊन रटरटते मडके उघड्या हातांनी चुलीवरून उतरवले.

"महाराज, हात! हात भाजले!" शास्त्रीबुवा किंचाळले.

महाराजांनी आपल्या तळव्यांकडे पाहिले. कातडी सोलवटून आली होती. "हो का?" ते शांतपणे म्हणाले. "मला कळले नाही."

शास्त्रीबुवांच्या हातून उपरणे गळाले. मल्हारीचे हात जागे झाले होते ते कोणाच्या मोलाने, हे त्यांना उमगले. ते आत आले आणि महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मला नको, शास्त्रीबुवा. ज्याला हसलात, तो तिकडे आहे."

मल्हारीने सगुणेच्या हातून चार घोट पेज घेतली. पण देह पार खंगला होता. दिवे लागायच्या सुमारास, तिचा हात छातीशी धरून, त्याने प्राण सोडला. महाराजांच्या हातांना पुढे उभ्या हयातीत ऊन की थंड, कधी कळले नाही.

माती द्यायला गावातून कोणी आले नाही. महाराजांचे हात भाजलेले, म्हणून खड्डा नीळकंठशास्त्र्यांनी खणला. मल्हारीला त्यांनीच उचलून आत ठेवले. त्यांच्या तळहातांना फोड आले. माती लोटून झाल्यावर सवयीने त्यांच्या तोंडी शब्द आले, "बाई, शोक करू नये. आत्मा..."

सगुणा त्या ओल्या मातीकडे पाहत होती. संसार सुरू झाल्यापासून जिने नवऱ्याचे नाव कधी ओठांवर आणले नव्हते, ती म्हणाली, "आत्मा न्हाई, देह न्हाई, शास्त्रीबुवा. माजा मल्हारी गेला."

महाराजांनी मान खाली घातली. आणि नीळकंठशास्त्र्यांनी, आयुष्यात प्रथमच एकही वचन न उच्चारता, मल्हारीच्या मातीवर आपले कपाळ टेकले. ते किती तरी वेळ उठले नाहीत.