खैरवाडीचे ओणवे गुरुजी

बसा रे, पुढं सरका. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही टेका जरा. ही गोष्ट पोरांपेक्षा तुमच्याच कामाची आहे.

फार वर्षांपूर्वी, आपल्या खैरवाडीची शाळा देवळाच्या ओसरीत भरायची तेव्हा, इथं एक गुरुजी आले. त्यांचं खरं नाव कोण जाणे. कुणी केशवराव सांगतं, कुणी दामूअण्णा. ते पाढे म्हणू लागले की ओढ्यापलीकडच्या गाई रवंथ थांबवून ऐकायच्या, असं म्हणतात. माणूस सोन्यासारखा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. चुकलं की अंगठे धरून ओणवं उभं राहायचं, हा त्यांचा कायदा.

त्या शाळेत डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एकच पोर यायची, धुळा धनगराची जकी. काट्याकुट्यातून उतरून यायची आणि सगळ्यांच्या आधी ओसरी झाडून ठेवायची. वाड्यावरची माणसं तिच्याकडं डोळे लावून होती. जकीचं बरं चाललं, तर आपलीही पोरं खाली धाडू, असं त्यांचं ठरलं होतं.

एके दिवशी गुरुजी येऊन बघतात तर शाळेच्या पाण्याचा रांजण फुटलेला, आणि जकी खापऱ्या गोळा करतेय. झालं! गुरुजींचं डोकं फिरलं.

"मी नाही फोडला, गुरुजी," जकी म्हणाली.

"वर खोटं बोलतेस? धर अंगठे!"

उन्हाळ्याचे दिवस. पोर भर उन्हात ओणवी उभी राहिली आणि शाळा सुटल्यावर मुकाट्यानं डोंगर चढून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिचा निरोप तेवढा आला: "खरं बोलून शिक्षाच मिळणार असेल, तर शाळेत कशाला यायचं? खोटं बोलायला घरीसुद्धा शिकता येतं."

 गुरुजींनी पोरांना विचारलं, तेव्हा एक चिमुरडी बोलून गेली, "रांजण तर पाटलांच्या घोड्यानं लाथ मारून फोडला. सगळ्या गावानं बघितलं की!"

"अगं, मग बोलला का नाहीत?"

"पाटील बोलले नाहीत. मोठी माणसंही गप्प बसली. मग आम्हीपण गप्प बसलो."

ऐका, मोठ्या माणसांनो, ऐका! गावानं शिकवलेला धडा पोरांनी न चुकता म्हणून दाखवला होता.

 गुरुजींनी पगडी काढून ठेवली, ओसरीखाली उतरले आणि काल जकी उभी होती त्याच जागी अंगठे धरून ओणवे झाले. "जकीनं उठा म्हटल्याशिवाय उठणार नाही," एवढंच म्हणाले. पोरं रडकुंडीला आली. बाया धावल्या, म्हातारे समजूत घालू लागले. "अहो गुरुजी, पोरांसमोर हे शोभतं का?" गुरुजी ओणव्यानंच म्हणाले, "चुकलो ते पोरांसमोरच ना?"

मग जे झालं ते कुणाला खरं वाटत नाही, पण माझ्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकलंय. ऊन सरकलं, पण देवळापुढच्या चिंचेची सावली एकदा गुरुजींच्या पाठीवर आली ती तिथून हलली नाही, असं म्हणतात. मुंग्यांच्या रांगा त्यांच्या पायाला वळसा घालून गेल्या. डोंगरावर धुळाच्या मेंढरांनी माना खाली घातल्या. हसू नका! मेंढरं चरताना मान खाली घालतातच, मलाही कळतं. पण त्या दिवशी ती चरत नव्हती!

सगळ्यात आधी पुढं आली ती पाटलांची आई, आऊबाई. वय झालेलं, कंबर आधीच वाकलेली. "मी ओट्यावरून बघितलं आणि पोटच्या पोरासाठी तोंड शिवून बसले," म्हणाली आणि गुरुजींशेजारी वाकली. मग तेली वाकला, पुजारी वाकला, पाणी भरणाऱ्या बाया वाकल्या. शेवटी खंडेराव पाटील घोड्यावरून उतरले. इतक्या ताठ मानेचा माणूस, पण आईला वाकलेली बघून त्यांचे डोळे भरले. "रांजण माझ्या घोड्यानं फोडला आणि मी लपवलं," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले आणि अंगठे धरले.

ही बातमी वाऱ्यानं वर नेली म्हणतात. मला विचाराल तर एखादी बाईच पळत गेली असेल. धुळा जकीला घेऊन उतरला. बघतो तर सगळं गाव ओणवं! जकी गुरुजींपुढं उभी राहिली.

"पोरी, खरं तू बोललीस आणि मी ऐकलं नाही. चुकलो," गुरुजी म्हणाले.

 जकी म्हणाली, "उठा गुरुजी. पाढे राहिलेत."

दुसऱ्या दिवशी डोंगरावरून जकी एकटी उतरली नाही. तिच्या मागून वाड्यावरची सगळी पोरं आली.

म्हणून आजही शाळेच्या पहिल्या दिवशी आपल्याकडं हारतुरे नसतात. शिक्षक, सरपंच, आईबाप पोरांसमोर अंगठे धरतात आणि आपली एकेक चूक मोठ्यानं सांगतात. कुणी म्हणतं, रांगेत मधे घुसलो. कुणी म्हणतं, दुसऱ्याचा राग लेकरावर काढला. शाळेतलं सगळ्यात लहान पोर 'उठा' म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही, मग तो साहेब का असेना!

गेल्या वर्षी तो मान हौसाच्या चिंगीचा होता. ती लाजून गप्पच. सरपंचांचे गुडघे कुरकुरायला लागले, पण कुणी हललं नाही. शेवटी चिंगी आपल्या बापापाशी गेली, स्वतःही ओणवी झाली, त्याच्या तोंडाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "बाबा, दूध मी सांडलं होतं. मांजरानं नाही." आणि मग म्हणाली, "आता उठूया."

गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडायचे हो?