रिकाम्या आकाशाचा वेध

एका डोंगरावर एक वेधशाळा होती. तिथे वैजयंती नावाची खगोलतज्ज्ञ काम करी.

त्या काळी सगळ्या राज्यांनी मिळून एक दुर्बीण अवकाशात सोडली होती. ती पाळीपाळीने एकेका वेधशाळेसाठी आकाश न्याहाळी. बऱ्याच वर्षांनी या वेधशाळेची पाळी आली. वैजयंतीने दुर्बीण एका प्रचंड, नवजात तारकागुच्छाकडे वळवायला सांगितली.

अर्धी पाळी संपली आणि छायाचित्र आले. त्यात बारीक तारे खच्चून भरले होते. वेधशाळेचे प्रमुख आचार्य हरखून गेले.

"एवढे बाळतारे कुणी पाहिले नसतील. परवा प्रधानजी येताहेत. काही मोठे दाखवले नाही, तर ते इथे कुलूप लावतील."

वैजयंती छायाचित्र निरखून पाहत होती. ती म्हणाली, "आचार्य, हे सगळे गुच्छातलेच कशावरून? काही पुष्कळ मागे असतील, त्याच रेषेत दिसत असतील."

"मग ओळखायचे कसे?"

"उरलेल्या पाळीत शेजारच्या रिकाम्या आकाशाचा वेध घेऊ. तिथे जेवढे दिसतील, तेवढे यातून वजा करू."

"रिकाम्या आकाशावर पाळी घालवायची?" आचार्य म्हणाले. "इथल्या माणसांची पोटं यावर आहेत, बाई. पण पाळी तुझ्या नावची. तूच ठरव."

वैजयंतीने बराच विचार केला आणि दुर्बीण रिकाम्या आकाशाकडे वळवली. मग ती नुसती येरझारा घालत राहिली.

छायाचित्र आले. तिथेही जवळजवळ तेवढेच तारे होते. गुच्छाचे स्वतःचे बाळतारे ओंजळभरच उरले.

प्रधानजी आले तेव्हा वैजयंतीने सारे जसेच्या तसे सांगितले. "निर्णय कळवू," एवढे म्हणून ते निघून गेले. त्यानंतर डोंगराच्या वाटेवर घोडा दिसला की कुलूप लावायलाच कुणी आले, असे सगळ्यांना वाटे.

मध्यंतरी शेजारच्या राज्याने आपल्या पाळीत त्याच गुच्छात हजारो बाळतारे सापडल्याची दवंडी पिटली. विद्वानांनी त्यांच्या छायाचित्राशेजारी वैजयंतीचे रिकाम्या आकाशाचे छायाचित्र ठेवून पाहिले, तर बहुतेक तारे गुच्छाबाहेरचेच निघाले. दवंडी मागे घ्यावी लागली आणि त्या राज्याचे हसे झाले.

मग एके सकाळी प्रधानजींचा दूत आला. त्याने निरोप सांगितला, "तुम्ही तारे थोडे आणलेत, पण राज्याला मान खाली घालावी लागली नाही. वेधशाळा चालू ठेवा."

आचार्यांनी दूताला तो निरोप पुन्हा सांगायला लावला. वैजयंती पायरीवर बसून ऐकत होती.

तात्पर्य: सूप भरले म्हणून हरखू नये, आपले दाणे किती, ते पाखडल्यावरच कळते.