डिलीटला लागलेलं कुलूप

संगणक घरात नवेनवे आले होते, तेव्हाची गोष्ट. शर्वरीच्या कीबोर्डवरचं डिलीट बटण फार तोऱ्यात असे. "पुसायचं बळ माझ्यातच," असं ते म्हणे.

एकदा शर्वरी अर्धी लिहिलेली गोष्ट पडद्यावर ठेवून, संगणकाच्या पेटीवरची किल्ली फिरवून कीबोर्डला कुलूप लावून स्वयंपाकघरात गेली. तिची चिमुकली मनवा खुर्चीवर चढली आणि डिलीटवर थापा मारू लागली. पण पडद्यावरचं एक अक्षरही पुसलं गेलं नाही.

डिलीट घाबरलं. "स्पेसबारदादा, माझं बळ कुठं गेलं?"

"आपल्याला घटकाभर कुलूप लागलंय. आता नुसतं वर बघ."

डिलीटनं वर पाहिलं. शर्वरीच्या शब्दांतून हंसांचा थवा बर्फाचे डोंगर ओलांडत होता. पुसण्याच्या घाईत त्यानं आजवर एक ओळही वाचली नव्हती. ते थक्क होऊन वाचत राहिलं.

कुलूप निघालं, तेव्हा ते हळूच म्हणालं, "दादा, एवढ्यात पुसायला नको. हंस अजून पोहोचायचे आहेत."