रांजणातला खडा

घंटा ओतणाऱ्यांचे एक नगर होते, फार फार पूर्वीचे. तिथल्या प्रत्येक कारखान्यात एक मनवैद्य असे. अंगाचे दुखणे साधे वैद्य बघत. पण कामाच्या धसक्याने, मुकादमाच्या जाचाने माणूस आतून खचला, की तो मनवैद्याकडे जाई.

मनवैद्याच्या दाराशी पाण्याने भरलेला रांजण असे. मनातले बोलून झाले की कामगार त्यात एक खडा टाकी आणि मनवैद्य म्हणे, "बुडालं." बोललेली गोष्ट तळाशी गेली, आता ती वर यायची नाही, असा त्याचा अर्थ. याहून वेगळी शपथ कोणी घेत नसे, आणि कोणाला तिची गरजही वाटत नसे.

अशाच एका कारखान्यात एक तरुण मनवैद्य होता. हुशार, कष्टाळू, आणि खरे सांगायचे तर माणूसही वाईट नव्हता. पण त्या वर्षी मनवैद्यांच्या संघाचा प्रमुख निवडायचा होता आणि हा गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. चांदीच्या मुठीची प्रमुखाची काठी त्याला स्वप्नातही दिसे. त्याच्याविरुद्ध उभी होती एक वयस्क वैद्यीण.

निवडीच्या दिवशी उमेदवाराने भरसभेत आपले काम सांगायचे, असा रिवाज होता. कारखान्यांचे मालक आणि मुकादम पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत बसत.

वैद्यीण उठली. "तीस वर्षं ऐकते आहे," ती म्हणाली. "काय ऐकलं ते सांगता येत नाही." एवढे बोलून ती खाली बसली.

मग तरुण वैद्य बोलू लागला. विश्रांतीचे महत्त्व सांगितले, मुकादमांनी कसे बोलावे ते सांगितले. मागे कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. हातातोंडाशी आलेला घास जातो की काय, असे त्याला वाटले, आणि जिभेला काही हाड नसते.

"नाव घेत नाही," तो म्हणाला, "पण एक ओतारी माझ्याकडे आला. त्याचा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत वितळलेल्या धातूनं भाजून गेला होता. तेव्हापासून मूस कलंडताना हा डोळे मिटून घ्यायचा! मी चार महिने त्याचं ऐकलं. आज तो डोळे उघडे ठेवून धातू ओततो. हे माझं काम!"

सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत एका मुकादमाने मालकाकडे पाहिले. भाऊ असा गेलेला ओतारी साऱ्या नगरात एकच होता.

वैद्य प्रमुख झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओताऱ्याला भट्टीवरून काढून राख वाहायला लावले. दुपारी तो वैद्याच्या दाराशी आला.

"मी नाव घेतलं नव्हतं," वैद्य घाईने म्हणाला.

"नाही घेतलंत, वैद्यबुवा. पण काल रात्री लेकीनं मला विचारलं, बाबा, तुम्ही खरंच डोळे मिटायचात का?"

ओताऱ्याने बाही वर केली, रांजणात हात घातला आणि तळातून एक खडा काढला. "माझा कोणता ते ओळखू येत नाही. पण एक नेतो."

त्यानंतर रांजणात खडा पडला नाही. कामगार वैद्याला वाकून नमस्कार करीत आणि पुढे जात. वैद्याला वाटले, कारखान्यात आता सारे सुखी आहेत. काठी हातात आली की असे वाटू लागते.

त्याच कारखान्यात भाता ओढणाऱ्या एका माणसाला कित्येक दिवस झोप नव्हती. उभ्या उभ्या त्याला झापड येई. "वैद्याकडे जा," असे सोबती एकदा म्हणाले. "आणि उद्या राख वाहू?" तो म्हणाला. एका दुपारी तो भाता ओढता ओढता पुढे झुकला आणि भट्टीच्या तोंडात गेला. घरच्यांच्या हाती द्यायला फारसे काही उरले नव्हते.

प्रमुख काठी टेकीत तिथे आला. ओतारी राख भरत होता.

"त्याला झोप लागत नव्हती," ओतारी मान वर न करता म्हणाला. "आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हालाच नव्हतं."

तिसऱ्या दिवशी मुठीत एक खडा घेऊन वैद्य त्या वयस्क वैद्यिणीच्या दारी गेला. तिने चटई अंथरली, रांजणावरचे झाकण काढले.

"बोल बाबा," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडले. तेवढ्यात मनात आले, पुढच्या निवडीला ही पुन्हा उभी राहिली तर? भरसभेत तिने हे सांगितले तर? ती सांगणार नाही, हे त्याला पक्के माहीत होते. तरी शब्द फुटेना. दिवे लागेपर्यंत तो मूठ आवळून बसला, आणि खडा तसाच घेऊन घरी परतला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या विश्वासाची पायरी करून जो वर चढतो, त्याला स्वतःचे दुःख सांगायला जगात जागा उरत नाही.