सुभानानं तापाचं मूळ शोधलं

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव सुभाना. भोळा आपलं लोक म्हणत. बायको ठकूबाई जे म्हणायची, ते पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही.

गावात ताप आला. ठकूबाईही अंथरुणाला खिळली. जनावरांची डॉक्टरीण आली नि शाळेत बसली. म्हणाली, "हा ताप कोंबड्यांतून माणसांत आलाय. मूळ सापडलं तर तेवढ्याच कोंबड्या मारू. नाही तर गावातल्या सगळ्या."

ठकूबाईनं अंथरुणातूनच हे ऐकलं. घरची चूल तिच्या कोंबड्यांवर पेटायची. सुभानाच्या भरवशावर राहिली असती तर मांजरानंही घर सोडलं असतं.

"अहो, उठा! बाईंना मदत करा. मूळ शोधा."

सुभानानं कुदळ घेतली, दारचा शेवगा खणून काढला आणि डॉक्टरणीपुढे नेऊन टाकला. "घ्या बाई, मूळ. चांगलं खोल होतं."

"अहो, मूळ म्हणजे सगळ्यांत आधी ताप कुणाला आला ते!"

सुभाना गेला नि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या यमुनाआजीला पाठुंगळी घेऊन आला. "हिला आला तेव्हा आपल्यातलं कुणी जन्मलंसुद्धा नव्हतं."

"खाली उतरव, मुडद्या!" आजी किंचाळली.

डॉक्टरणीनं कपाळावर हात मारला. "तो ताप निराळा. हा विषाणू नवा आहे. एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना थोडं थोडं रूप बदलतो. बदलता बदलता एखादं रूप असं निघतं, की कोंबडी सोडून माणसाला धरतं. त्या रूपावरून माग काढायचा."

रूप बदलणारा! पारावर बहुरूपी बसला होता. काल शंकर, आज हवालदार. सुभानानं त्याला दाव्यानं बांधून आणला.

"कोंबडी धरतोस का रे?"

"मिळाली तर धरतो की," बहुरूपी म्हणाला.

"बघा बाई, कबूल झाला!"

"सोडा त्याला! विषाणू डोळ्यांना दिसत नाही!"

मग सुभानानं एक रिकामं पोतं तोंड आवळून आणलं. "आत काही दिसत नाही ना? मग हाच."

ठकूबाईच्या कानावर हे गेलं. "अहो, देव अक्कल वाटत होता तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"घरीच. मला कुणी बोलावलंच नाही."

शेवटी डॉक्टरीण स्वतःच घरोघर फिरली. माणसांच्या घशातून, कोंबड्यांच्या चोचीतून नमुने घेतले, तपासायला पाठवले. माणसांतलं रूप फक्त शेजारच्या गुणाजीच्या कोंबड्यांत सापडलं. ती सुभानाला म्हणाली, "गुणाजीच्या तेवढ्या उद्या मारणार. ठकूबाईंना सांगा, तुमच्या कोंबड्या सुटल्या."

सुभाना पळत घरी आला. बघतो तर खुराड्याला कडी. कोंबड्या सगळ्या आत. एवढी शिकलेली बाई खोटं कशी बोलेल? त्यानं कडी काढली, काठी आपटली. कोंबड्या फडफडत कुंपणापलीकडे गेल्या.

मग तो घरात शिरला. "अगं, तुझ्या कोंबड्या सुटल्या!"

ठकूबाईनं पडल्या पडल्याच हात जोडले. "कुणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईंनी. पण कडी तशीच होती बघ! बाईंचा शब्द खाली पडू नये म्हणून शेवटी मीच सोडल्या. गुणाजीच्या कोंबड्यांत मिसळून दाणे टिपतायत. मजेत आहेत."