कोल्ह्याचा तुंबा

दिवस उगवून घटकाभर झाली होती. ओढ्याच्या खालच्या पाणवठ्यावर एका रानम्हशीचे थोरले रेडकू मरून पडले होते. मुलांनो, त्या जंगलात ओढा एकच, पण पाणवठे दोन. वरचा वाघाचा, हरणांचा, कोल्ह्यांचा. खालचा काळ्या अंगाच्या जनावरांचा, म्हणजे म्हशींचा, अस्वलांचा, रानडुकरांचा. ही वाटणी कोणी केली, ते कोणाला आठवत नव्हते. ती मोडायची नाही, एवढे मात्र सगळ्यांना पाठ होते. वरची मंडळी शिकारीची आतडी, कुजकी हाडे आपल्या पाणवठ्याच्या जरा खाली ओढ्यात ढकलून देत आणि वरचे नितळ पाणी पिऊन झोपी जात.

धाकटे रेडकूही आता हगवणीने लटपटू लागले होते. म्हैस तडक वाघापुढे उभी राहिली. "महाराज, एक गेले. दुसऱ्याला तरी वर पाणी पिऊ द्या."

"आधी चौकशी," वाघ जांभई देत म्हणाला. "खालचे पाणी वाईट आहे असे कोल्होबा म्हणाले, तर बघू."

जंगलाची रीत अशी, की चौकशी करणाऱ्याने सर्वांदेखत पाणी पिऊन निकाल द्यायचा. कोल्हा गळ्यात भोपळ्याचा तुंबा अडकवून खाली आला. "काय बाई, चिखलात लोळता आणि वर पाण्याला नावे ठेवता?"

"लोळतो चिखलात, कोल्होबा. आतडी पीत नाही."

कोल्ह्याने सगळ्यांकडे पाठ केली, वाकला, गटगट आवाज केला आणि मिशा पुसत वळला. "गोड आहे! तुमचे रेडकूच नाजूक निघाले, त्याला ओढा काय करील?"

"मग आणखी एक घोट घ्या की!" अस्वल गुरगुरले. तोवर कोल्हा चढणीला लागला होता. घाईत त्याचा तुंबा तिथेच राहिला.

म्हशीने तुंबा हुंगला. घाण वास नव्हता. तळाशी उरलेले पाणी तिने रेडकाच्या तोंडात ओतले.

रेडकाने ओठांवरून जीभ फिरवली. "आई, हे कुठल्या ओढ्याचे?"

"आपल्याच. वरचे."

संध्याकाळी तेही गेले.

निकाल अजून कायम आहे : खालचे पाणी पिण्याजोगे. मग कोल्ह्याने वरचे पाणी भरून का आणले होते? म्हशीने वाघाला विचारले, कोल्ह्याला विचारले. उत्तर आलेले नाही.

तात्पर्य : जो तुमचे पाणी चांगले ठरवायला स्वतःचे पाणी घेऊन येतो, त्याला खरे आधीच ठाऊक असते.